मेंदूतील गाठ आणि थायरॉइडची जनुके : खूण की कारण?

प्रौढांच्या मेंदूत उद्भवणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत जीवघेणा प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. रॉजर स्टुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ५७३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर नुसते रेडिएशन दिलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिने होते. रेडिएशनच्या जोडीला टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्यावर ते १४.६ महिने झाले. वाढले ते अडीच महिने. तरी या अडीच महिन्यांवरच जगभरातल्या उपचाराची आजची घडी बसली. याच रुग्णांचा पुढे पाच वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा नुसते रेडिएशन घेतलेल्यांपैकी १.९ टक्के, तर गोळ्याही घेतलेल्यांपैकी ९.८ टक्के माणसे जिवंत होती. म्हणजे एकाच नावाची गाठ आणि एकच उपचार असलेल्या दहा जणांपैकी निम्मे सव्वा वर्षाच्या आत गेले आणि एक जण पाच वर्षांपुढे गेला. हा एक जण वेगळा का, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाच्या घरात विचारला जातो. तो विचारण्याचा हक्क त्यांना आहेच.

आजवर या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः गाठीच्या आत शोधले गेले, आणि ते काही अंशी सापडलेही. गाठीतील एमजीएमटी हे जनुक मिथाइलच्या रासायनिक शिक्क्यामुळे बंद पडले असेल, तर टेमोझोलोमाइडने केलेली इजा गाठीला दुरुस्त करता येत नाही आणि औषध लागू पडते. आयडीएच या जनुकातील बदल २००८ साली हाती लागला. आज त्यावरून गाठीचे नाव आणि रोगाचे भाकीत दोन्ही बदलतात. हा बदल नसेल तरच २०२१ च्या जागतिक वर्गीकरणानुसार प्रौढाच्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतात. पण हे बदल गाठीचे आहेत. रुग्णाच्या जन्मापासून ते नव्हते, त्याच्या मुलांकडेही ते जाणार नाहीत. माणूस आईवडिलांकडून जो जनुकसंच घेऊन येतो, त्याचा आयुर्मानाशी काही संबंध आहे का? गाठ ज्या देहात वाढते, त्या देहाचा स्वभाव तिची गती ठरवतो का? थायरॉइड संप्रेरकाशी निगडित जनुकांचा अभ्यास या दुसऱ्या प्रश्नाच्या पोटातून आला.

माझे मत आधीच सांगतो. हा प्रश्न योग्य आहे आणि तो पुढे नेला पाहिजे. पण आजवरच्या पुराव्यावर एकाही रुग्णाचा उपचार बदलू नये, एकाही कुटुंबाला जनुक-चाचणीचा खर्च करायला लावू नये. आणि जनुकांचा हा शोध चालू असताना त्याच रुग्णांच्या थायरॉइडची एक साधी रक्तचाचणी राहून जाते, हे त्याहून गंभीर आहे.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ म्हणजे थायरॉक्सिन बनवते. त्यात आयोडीनचे चार अणू असतात. त्यातला एक नेमक्या जागेवरून काढला की टी-३ तयार होतो आणि पेशीच्या केंद्रकात खरे काम हाच करतो. चुकीच्या जागेवरचा अणू काढला तर निष्क्रिय संयुग बनते. ही काढघाल डायआयोडिनेज नावाची तीन विकरे करतात आणि तिन्हींच्या रचनेत सेलेनियम असते. पहिले विकर मुख्यतः यकृतात व मूत्रपिंडात असते. दुसरे मेंदूत टी-४ पासून टी-३ बनवते. तिसरे दोन्ही संप्रेरके निकामी करते. मेंदूला लागणारा बहुतांश टी-३ रक्तातून तयार येत नाही. मेंदूतील तारकापेशी तो जागच्या जागी बनवतात. ग्लायोमा नावाच्या गाठींच्या पेशी याच तारकापेशींच्या कुळातल्या. त्यामुळे थायरॉइड आणि मेंदूतील गाठ यांचा संबंध जोडणे हा ओढूनताणून केलेला खटाटोप नाही. गाठ जिथे वाढते, तिथल्या पेशींचे हे रोजचेच काम आहे.

संप्रेरकांचा आणि कर्करोगाचा संबंध वैद्यकाने फार पूर्वी ओळखला. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावर बीजकोश काढून टाकण्याचा उपाय केला आणि १८९६ साली तो प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगावरील संप्रेरक उपचारांचा उगम म्हणून तो आजही सांगितला जातो. मात्र बीटसन यांनी शस्त्रक्रियेबरोबर थायरॉइडच्या अर्काच्या गोळ्याही दिल्या होत्या, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बीजकोशाचा भाग पुढे सिद्ध झाला, थायरॉइडचा भाग मागे पडला. दोन उपाय एकदम केले की गुण कोणाचा, हे त्या एका निरीक्षणातून कळत नाही. सव्वाशे वर्षांनंतर मेंदूतील गाठीबाबत आपण याच अडचणीसमोर उभे आहोत.

आजच्या पुराव्याचे दोन प्रवाह आहेत आणि ते परस्परविरुद्ध दिशांना वाहतात.

पहिला प्रवाह अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे पॉल डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले, की पेशीच्या बाह्य आवरणावर असलेले इंटेग्रिन अल्फा-व्ही-बीटा-३ हे प्रथिन थायरॉइड संप्रेरकाला बांधून घेते. हे प्रथिन कर्करोगाच्या पेशींवर आणि गाठीला रक्त पुरवण्यासाठी नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांवर भरपूर असते. शिवाय या जागी टी-३ पेक्षा टी-४ अधिक प्रभावी ठरतो. म्हणजे ज्या टी-४ ला आपण केवळ कच्चा माल समजत होतो, तोच गाठीच्या पेशींना वाढीचा संदेश देतो. प्रयोगशाळेत ग्लायोमाच्या पेशींवर हे दिसलेही. त्याआधी २००३ साली क्लीव्हलंडमधील अलेक हर्क्बर्ग्स यांच्या गटाने गाठ पुन्हा उलटलेल्या २२ रुग्णांवर एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी प्रोपिलथायोयुरॅसिल हे औषध देऊन रुग्णांची थायरॉइड मुद्दाम मंदावली आणि जोडीला टॅमॉक्सिफेनचे मोठे डोस दिले. ११ रुग्णांची थायरॉइड खरोखर मंदावली; त्यांचे मध्यक आयुर्मान १०.१ महिने भरले. ज्यांची मंदावली नाही, त्यांचे ३.१ महिने.

हे आकडे वाचून कोणाचेही काळीज हलेल. तीन महिने आणि दहा महिने यांतला फरक टेमोझोलोमाइडच्या अडीच महिन्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे. पण इथे थांबून नीट पाहायला हवे. औषध सुरू केले म्हणून थायरॉइड दुसऱ्या दिवशी मंदावत नाही. रक्तात टी-४ चा साठा असतो, तो निम्मा व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, ग्रंथीतही साठा असतो. रुग्णाची नोंद ‘थायरॉइड मंदावलेला’ अशी होण्यासाठी त्याला काही आठवडे, कधी महिने, जगावेच लागते. जो रुग्ण त्याआधी दगावला, तो आपोआप दुसऱ्या गटात गेला. त्यामुळे पहिल्या गटाचे आयुर्मान जास्त दिसणार, मग औषधाचा काही उपयोग झाला असो वा नसो. हा दोष संख्याशास्त्रात ओळखीचा आहे, आणि कर्करोगाच्या अभ्यासांत तो वारंवार डोकावतो. त्याखेरीज या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि सगळे मिळून रुग्ण होते २२. यातून ‘थायरॉइड मंदावली तर माणूस जगतो’ हे सिद्ध होत नाही. चिठ्ठ्या टाकून, मोठ्या संख्येने, एक रीतसर चाचणी करण्याइतके कारण मात्र नक्की मिळते.

दुसरा प्रवाह लिथुआनियातला. तिथल्या कौनास शहरात अडोमास बुनेविचुस आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांची संप्रेरके मोजली आणि वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला. शस्त्रक्रियेआधी ज्यांचा टी-३ कमी होता, त्यांची एकंदर प्रकृती अधिक खालावलेली होती आणि पाच वर्षांच्या हिशेबात त्यांचे आयुष्यही कमी भरले. म्हणजे क्लीव्हलंड म्हणते संप्रेरक कमी तर आयुष्य जास्त, आणि कौनास म्हणते संप्रेरक कमी तर आयुष्य कमी.

या दुसऱ्या निरीक्षणातही एक खोच आहे. कोणत्याही गंभीर आजारात माणसाचा टी-३ उतरतो. न्यूमोनिया असो, हृदयविकार असो वा उपासमार, शरीर टी-४ चे टी-३ मध्ये रूपांतर कमी करते. थायरॉइड ग्रंथीत काहीही बिघाड नसतो. मेंदूच्या गाठीच्या रुग्णाला तर आणखी दोन कारणे असतात. गाठीभोवतीची सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात. हे स्टेरॉइड टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे पियुषिका ग्रंथीचे संप्रेरक, दाबते आणि टी-३ चे उत्पादन घटवते. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन दिले असेल, तर त्याने टी-४ ची पातळी खाली येते. ज्याची गाठ मोठी, त्याची सूज जास्त. ज्याची सूज जास्त, त्याचा स्टेरॉइडचा डोस मोठा. ज्याचा डोस मोठा, त्याचा टी-३ कमी. आणि ज्याची गाठ मोठी, तो लवकर जातो. या साखळीत टी-३ ने कोणाला मारलेले नाही. शेताच्या बांधावर मेलेला बेडूक दिसला म्हणून तळ्याचे पाणी बेडकाने आटवले असे कोणी म्हणत नाही. तो फक्त पाणी आटल्याची खूण असतो. अतिदक्षता विभागातील रुग्णांचे संप्रेरक कमी दिसते म्हणून बाहेरून थायरॉक्सिन देऊन पाहण्याचे प्रयोग १९८० च्या दशकापासून झाले. त्यांतून रुग्णांचे प्राण वाचल्याचे दिसले नाही.

म्हणून जनुकांकडे वळण्याला एक भक्कम तर्क आहे. रक्तातला टी-३ आजाराने, औषधाने, उपासाने बदलतो. जन्माच्या वेळी वाट्याला आलेले जनुक बदलत नाही. गाठ कितीही मोठी झाली, स्टेरॉइड कितीही दिले, तरी डायआयोडिनेजच्या जनुकातले अक्षर तेच राहते. आईवडिलांकडून कोणती प्रत मिळावी, हे जणू निसर्गाने चिठ्ठी टाकून ठरवलेले असते. ज्यांना संप्रेरक थोडे अधिक ठेवणारी प्रत मिळाली आणि ज्यांना थोडे कमी ठेवणारी मिळाली, अशा दोन गटांचे आयुर्मान वेगळे निघाले, तर त्याचा दोष गाठीच्या आकाराला किंवा औषधांना देता येत नाही. मेंडेलच्या नियमांवर आधारलेली ही पद्धत २००३ साली जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी साथरोगशास्त्रात नेटाने मांडली. खूण आणि कारण वेगळे करण्याचे ते एक धारदार हत्यार आहे. कौनासच्या गटानेही डायआयोडिनेज जनुकांतले सर्वसामान्य फरक मेंदूच्या गाठीच्या रुग्णांत तपासले आणि २०१९ साली आपले काम प्रसिद्ध केले. दिशा म्हणून मला हे काम महत्त्वाचे वाटते.

पण हत्यार धारदार असले तरी ते कुठे लावायचे, हे ठरवावे लागते. पहिल्या डायआयोडिनेजच्या जनुकात एक सर्वसामान्य फरक आहे. त्याची एक प्रत टी-३ थोडा वाढवते आणि टी-४ थोडा घटवते. आता दोन्ही मतांना विचारून पाहा. टी-४ गाठीला खतपाणी घालतो, असे मानणारा म्हणेल की ही प्रत असलेले रुग्ण जास्त जगतील, कारण त्यांचा टी-४ कमी. टी-३ कमी असणे घातक, असे मानणाराही म्हणेल की हेच रुग्ण जास्त जगतील, कारण त्यांचा टी-३ जास्त. दोन विरोधी मतांचे भाकीत एकच! म्हणजे या फरकाचा आयुर्मानाशी संबंध उद्या पक्का सिद्ध झाला, तरी दोघांपैकी कोण बरोबर, याचा निकाल लागणार नाही. त्यासाठी ग्रंथीचे एकूण उत्पादनच कमी-जास्त करणारे, म्हणजे टी-३ आणि टी-४ दोघांनाही एकाच दिशेने हलवणारे फरक वेगळे गोळा करावे लागतील. रूपांतर बदलणारे फरक वेगळे ठेवावे लागतील. आणि दोन्ही संच शेजारी ठेवून पाहावे लागेल. एकेका जनुकाच्या मागे धावून हे साधणार नाही.

शिवाय रक्तात जे दिसते तेच ऊतीत असते असे नाही, हेही थायरॉइडच्या क्षेत्राने आपल्याला शिकवले आहे. १९४४ साली ॲलन, हर्न्डन आणि डडली यांनी एका कुटुंबातील मुलग्यांच्या तीव्र बौद्धिक आणि स्नायूंच्या विकाराचे वर्णन केले. त्याचे कारण २००४ साली उमगले: संप्रेरक पेशींत नेणारे एमसीटी-८ हे वाहक प्रथिन त्यांच्यात सदोष होते. त्यांच्या रक्तात टी-३ जास्त असतो आणि मेंदू मात्र संप्रेरकाविना उपाशी राहतो. याच्या उलट बाजूने, यकृतात रक्तवाहिन्यांची मोठी गाठ असलेल्या एका बाळाचे उदाहरण २००० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या गाठीतच तिसरे डायआयोडिनेज इतके भरलेले होते, की शरीरातले संप्रेरक ती गाठ नष्ट करत होती आणि नेहमीपेक्षा कितीतरी मोठे डोस देऊनही भागत नव्हते. गाठ स्वतःच संप्रेरकाचा हिशेब बदलू शकते. मग रुग्णाला जन्मतः मिळालेल्या जनुकावरून गाठीच्या आतल्या टी-३ चा अंदाज बांधणे किती जोखमीचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर येतो संख्येचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा धोका तिथेच आहे. एकाच रुग्णालयात जमलेल्या, शेकड्यांत मोजता येणाऱ्या रुग्णांवर असा अभ्यास होतो. त्यांत मेनिंजिओमा असतो, ज्याचे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे जगतात, ग्लायोब्लास्टोमा असतो, इतर अवयवांतून मेंदूत पसरलेले कर्करोगही कधी असतात. समजा पाच जनुकीय फरक घेतले, प्रत्येकाचे विश्लेषण तीन पद्धतींनी केले आणि चार प्रकारच्या गाठींत वेगवेगळे पाहिले. साठ तपासण्या झाल्या. वीसपैकी एकदा चूक चालेल, या नेहमीच्या मापाने, कुठेही खरा संबंध नसतानाही सरासरी तीन ठिकाणी ‘लक्षणीय’ संबंध दिसणारच. तेच तीन मथळ्यात येतात. संपूर्ण जनुकसंच धुंडाळणाऱ्या मोठ्या अभ्यासांत म्हणूनच योगायोगाची शक्यता दोन कोटींत एक यापेक्षा कमी असल्याशिवाय संबंध मान्य करत नाहीत. एवढा कडक नियम का, याचे उत्तर मनोविकारशास्त्रात मिळते. सेरोटोनिनच्या वाहक जनुकातील फरक आणि नैराश्य यांचा संबंध २००३ साली एका गाजलेल्या अभ्यासाने जोडला. त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. २०१९ साली लाखो लोकांच्या माहितीवर तपासले, तेव्हा त्या जनुकाला आणि त्याच्या पंगतीला बसवलेल्या इतर जनुकांना कसलाही विशेष आधार उरला नाही. सोळा वर्षांची मेहनत आणि पैसा त्यात गेला.

याचा अर्थ लहान अभ्यास निरुपयोगी असतात असे मुळीच नाही. एमजीएमटीचीच गोष्ट पाहा. २००० साली मॅनेल एस्टेलर यांच्या गटाने केवळ ४७ रुग्णांत पाहिले, की हे जनुक बंद असलेल्यांना टेमोझोलोमाइडच्याच जातीच्या दुसऱ्या एका औषधाचा अधिक गुण येतो. पाच वर्षांनी मोनिका हेगी यांनी तोच प्रश्न स्टुप यांच्या चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीतील २०६ गाठींवर तपासला. टेमोझोलोमाइड मिळालेल्यांत जनुक बंद असलेल्यांचे मध्यक आयुर्मान २१.७ महिने होते. जनुक बंद नसलेल्यांत औषधाने पडलेला फरक नगण्य होता. आज ही तपासणी उपचाराचा भाग आहे. आणि आता दुसरी गोष्ट, ती कौनासची. १९९९ साली तिथल्याच रॉबेर्टास बुनेविचुस यांनी थायरॉइड मंदावलेल्या ३३ रुग्णांत दाखवले, की टी-४ च्या जोडीला थोडा टी-३ दिला तर मनःस्थिती आणि बौद्धिक क्षमता सुधारते. जगभरच्या रुग्णांना त्यातून आशा वाटली. पुढे ११ चाचण्यांतील १,२१६ रुग्णांचा एकत्र हिशेब २००६ साली झाला, त्यात फरक दिसला नाही. २००९ साली पुन्हा एक धागा सापडला. दुसऱ्या डायआयोडिनेजच्या जनुकातला एक विशिष्ट फरक ज्यांच्या दोन्ही प्रतींत आहे, अशा सुमारे १६ टक्के लोकांना मिश्र उपचार बरा वाटतो, असे एका ब्रिटिश चाचणीतून पुढे आले. पण इतर अभ्यासांनी त्याला ठाम दुजोरा दिलेला नाही आणि त्यावरून उपचार ठरवण्याची शिफारस होत नाही.

पहिली गोष्ट तडीस गेली आणि दुसरी रखडली, याला कारण आहे. एमजीएमटीच्या बाबतीत विशिष्ट औषध, विशिष्ट यंत्रणा आणि चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. ‘हा रुग्ण किती जगेल’ एवढ्यावर न थांबता ‘या रुग्णाला हे औषध द्यावे का’ या प्रश्नाचे उत्तर तिने दिले. थायरॉइडची जनुके अजून पहिल्याच प्रश्नापाशी अडली आहेत. आणि माझ्या मते, उपचाराचा कोणताही पर्याय हातात न देता केवळ आयुष्य किती उरले याचे धूसर भाकीत रुग्णाला सांगणे, हे त्याच्यावर अन्यायकारक आहे. अमुक अक्षर तुमच्या जनुकात आहे म्हणून तुमचे दिवस कमी, असे म्हणणारा अहवाल घरातल्यांच्या मनावर काय परिणाम करेल? त्या अहवालाने रेडिएशनचा एक डोस बदलत नाही की एक गोळी बदलत नाही. आपल्याकडे खासगी प्रयोगशाळांत जनुक-चाचण्यांचे जुडगे विकले जातात, त्यांत उद्या हाही एक रकाना वाढू शकतो. तो वाढला, तर कृपया त्यासाठी पैसे मोजू नका.

हा प्रश्न पुढे न्यायचा तर मोठे, सामायिक आणि वेगवेगळ्या वंशसमूहांचे रुग्णसमूह हवेत. जनुकीय फरकांचे प्रमाण समाजागणिक बदलते. लिथुआनियातले गणित नाशिकच्या किंवा नागपूरच्या रुग्णाला जसेच्या तसे लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही. जीनोमइंडिया प्रकल्पात सुमारे १० हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. म्हणजे तुलनेचा पाया आपल्याकडे तयार आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. मेंदूतील गाठीच्या रुग्णाचा शस्त्रक्रियेआधीचा रक्तनमुना, त्याच वेळी चालू असलेल्या स्टेरॉइडचा आणि फिटच्या औषधाचा डोस, गाठीचा रेणवीय प्रकार आणि पुढचा पाठपुरावा, एवढ्या गोष्टी एकाच पद्धतीने नोंदवल्या, तर काही वर्षांत जगातल्या कोणत्याही एका रुग्णालयापेक्षा मोठा आणि विश्वासार्ह संच आपल्या हाती येईल. स्टेरॉइडच्या डोसाची नोंद नसलेला नमुना या कामासाठी जवळपास निरुपयोगी आहे, हे मी मुद्दाम सांगतो. कारण घाईत नेमकी तीच नोंद राहते.

आता मोठ्या अभ्यासाची वाट न पाहता आजच करता येण्यासारख्या गोष्टीकडे येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी मेंदूतील सौम्य आणि संथ वाढणाऱ्या गाठी असलेल्या २०० मुलांवर आणि तरुणांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना नेहमीचे रेडिएशन आणि अर्ध्यांना गाठीच्या आकाराबरहुकूम काटेकोर दिलेले रेडिएशन दिले. पाच वर्षांत नव्याने उद्भवलेले संप्रेरकांचे बिघाड नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्क्यांत, तर काटेकोर पद्धतीत ३१ टक्क्यांत दिसले. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. फरक होता तो जगण्याच्या प्रतीत. चांगल्या पद्धतीनेसुद्धा दर तिघांतल्या एकाची संप्रेरके बिघडतात, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जनुकांच्या धूसर संबंधांपुढे हा पुरावा कितीतरी ठोस आहे, आणि तो परळमध्ये जमवलेला आहे.

मेंदूला रेडिएशन दिल्यावर थायरॉइड मंदावण्याचा एक प्रकार पियुषिका ग्रंथीच्या बिघाडातून येतो. या प्रकारात टीएसएच वाढत नाही. तो नॉर्मल किंवा कमीही असू शकतो. आपल्याकडे ‘थायरॉइड केली’ म्हणजे बहुतेकदा फक्त टीएसएच केलेली असते. अहवालावर नॉर्मल लिहिलेले येते आणि रुग्णाचा थकवा, मंदावलेली बुद्धी, थंडी सहन न होणे, उदासपणा हे सगळे गाठीच्या किंवा रेडिएशनच्या माथी मारले जाते. घरचे म्हणतात, आजारच असा आहे, चालायचेच. खरे तर अल्प किमतीच्या थायरॉक्सिनच्या गोळीने यातला बराच भाग सुधारू शकला असता. मात्र ती गोळी सुरू करण्याआधी कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक तपासणे आवश्यक असते. पियुषिका बिघडली असेल तर कॉर्टिसॉलही कमी असू शकते आणि ते दुरुस्त न करता थायरॉक्सिन दिले तर रुग्ण गंभीर होऊ शकतो. म्हणून हा निर्णय संप्रेरकतज्ज्ञाच्या सल्ल्याने घ्यायचा.

तुमच्या घरात मेंदूतील गाठीवर रेडिएशन घेतलेले कोणी असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना टीएसएचबरोबर फ्री टी-४ आणि सकाळचे कॉर्टिसॉल तपासायला सांगा, आणि चालू असलेल्या स्टेरॉइडची व फिटच्या औषधांची यादी सोबत न्या. क्लीव्हलंडच्या किंवा कौनासच्या अभ्यासाची बातमी कुठे वाचून, स्वतःच्या मनाने थायरॉइडची गोळी बंद करू नका किंवा वाढवूही नका.